कपाटाचं दार हातात आलं, आता काय?

*काकू, तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या आमच्या वन-बीएचकेसाठी तीन दारांचं कपाट आणि खाली स्टोरेज असलेला बेड हप्त्यांवर घेतला. दोन्ही मिळून ७४,००० रुपये. दुसऱ्याच पावसाळ्यात कपाटाचा पाया फुगला. गेल्या आठवड्यात मधलं दार बिजागरीसकट माझ्या हातात आलं. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, म्हणाला, 'पाणी लागलंय, वॉरंटीत बसत नाही.' बेडची मधली फळीही वाकलीय. सुताराला विचारलं, तर नुसत्या कपाटाचे त्याने १,१५,००० सांगितले. ऑनलाइन 'सॉलिड वूड शीशम'चा बेड ४२,००० ला दिसतोय. सासूबाई म्हणतात, संगमेश्वरच्या घरी पडवीत सागवानी पलंग पडून आहे, १९७८ साली ९०० रुपयांना करून घेतलेला, तो आणा. नवरा म्हणतो, फर्निचर आता पाच वर्षांचंच असतं, टेम्पोचं भाडं कशाला फुकट घालवायचं? मुलगी नववीत आहे, तिला अभ्यासाचं टेबल हवंय. त्यात बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत. पूर्वीसारखं फर्निचर आता मिळतच नाही, की आम्हालाच परवडत नाही?*

*एक वाचक, डोंबिवली*

काकू म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते.

आधी ते दार. त्याच भोकात मोठा स्क्रू पिळायचा मोह होईल, तो आवर. तुझं कपाट पार्टिकल बोर्डाचं आहे, म्हणजे लाकडाचा चुरा चिकट रेझिनमध्ये दाबून केलेली फळी. लाकडाला धागा असतो आणि स्क्रूचे आटे त्या धाग्याला धरून बसतात. बोर्डाला धागाच नाही. आटे एकदा सुटले की आत राहतो भुगा, आणि मोठा स्क्रू तो भुगा आणखी कोरून काढतो. त्यापेक्षा भोक थोडं मोठं करून त्यात फेव्हिकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोकून घे. चोवीस तास वाळू दे. वर आलेलं टोक कापून पातळीत आण, मग बारीक ड्रिल मारून स्क्रू बसव. आता स्क्रू खऱ्या लाकडात बसला. हार्डवेअरच्या दुकानात बिजागरीखाली लावायची रुंद स्टीलची पट्टीही मिळते. ती लावली तर दाराचा जोर एका जागी न येता चार जागी वाटला जातो. हे काम कुणीही जाणता सुतार तासाभरात करून देईल.

फुगलेल्या पायाचं मात्र वेगळं आहे. बोर्ड वाळला तरी फुगवटा जात नाही. पण तो फुगला कशाने, हे तू स्वतः बघावंस असं मला वाटतं. मोबाइलचा टॉर्च लाव, जमिनीला गाल टेकव आणि कपाटाची खालची कड बघ. पुढे, वर, दाराच्या चारी बाजूंना गुळगुळीत पट्टी चिकटवलेली दिसेल. जमिनीला टेकणारी कड मात्र उघडी असेल, खारी बिस्किटाच्या तुटलेल्या टोकासारखी. ग्राहक तिथे बघत नाही, म्हणून तिथली पट्टी वाचवलेली असते. आता तुमच्याकडे लादी रोज पुसली जाते की नाही? ओलं फडकं रोज त्या उघड्या कडेला लागतं, ती रोज चमचाभर पाणी पिते. पावसाळ्यात मधे वाळायलाही वेळ मिळत नाही. घरात पाणी आलंच नव्हतं असं तू त्या माणसाला सांगितलं असशील, आणि ते खरंच असणार. 'पाणी लागलंय' हे त्याचं म्हणणंही खरंच आहे. फक्त ज्या देशात घरोघरी रोज लादी पुसतात, तिथे विकायच्या कपाटाची तळची कड उघडी ठेवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

सुतार येईल तेव्हा फुगवटा किती उंच चढलाय ते बघून घे. चार बोटांच्या आत असेल, तर तेवढा भाग कापून खाली पीव्हीसीचे बुश, म्हणजे पायांसारखे छोटे ठोकळे, लावता येतात आणि कपाट आणखी काही वर्षं निघतं. कापलेल्या कडेला पट्टी किंवा निदान दोन हात ऑइलपेंट मारायला विसरू नकोस. मधल्या कप्प्यापर्यंत चढला असेल, तर त्यावर पैसे घालू नकोस. आणि बाहेरच्या भिंतीला टेकवलं असशील, तर दोन-तीन इंच पुढे ओढ. मागची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची असते, भिंतीची ओल तिला सोसत नाही.

तक्रारीबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लाव, पैसे पडत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुला तुझ्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं, आणि मालाची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाया फुगला दुसऱ्या पावसाळ्यात. त्यामुळे तारखा आजच काढून बस. बिल, फोटो आणि जाहिरातीत 'ओलाव्याला दाद देत नाही' असं काही छापलं असेल तर तो कागद, एवढं हाताशी ठेव. हे नसेल तर फार आशा दाखवणार नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. मिळत नाही, की परवडत नाही? खरं सांगू, पूर्वीही ते परवडत नव्हतं. सासूबाईंचे ९०० रुपये ऐकायला गंमत वाटते, पण १९७८ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव ६८५ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे तो पलंग तेरा ग्रॅम सोन्याचा झाला. आजच्या भावाने सव्वा लाखाच्या वर. सोनं हा काही फर्निचर मोजायचा नेमका काटा नव्हे, त्याचे भाव आपल्या चालीने चढतात. तरी अंदाज येतो. ज्या घरात पलंग एकच होता आणि बाकी सगळे सतरंजीवर झोपत, त्या घरातली ती वस्तू आहे. तू ७४,००० मध्ये बेड आणि तीन दारांचं कपाट दोन्ही घेतलंस. आजीचं फर्निचर टिकलं म्हणतो तेव्हा तिच्याकडे ते किती कमी होतं, हे आपण सांगत नाही. जे मोडलं ते बंबात गेलं, हेही सांगत नाही.

पण म्हणून माल बिघडलेला नाही असंही नाही. बिघडलाय. माझे वडील वाईला सुतारकाम करायचे. फळ्या आल्या की दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्यांची थप्पी मारायचे. इंचभर जाडीला एक वर्ष वाळवण, हा त्यांचा हिशेब. पाडव्याला सांगितलेला पलंग पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला मिळायचा आणि गिऱ्हाईक थांबायचं. आज लाकूड वर्षभर पडून ठेवायला ना सुताराकडे जागा, ना भांडवल, ना गिऱ्हाइकाकडे धीर. लाकूडही पूर्वीचं राहिलं नाही. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घातला. ते योग्यच झालं, पण लाकूड कमी आलं. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. तरी 'बर्मा टीक' हे शब्द दुकानात अजून ऐकू येतात. आज पुष्कळसा साग घाना, टांझानिया, इक्वेडोर, पनामा असा लांबून येतो. तो लागवडीतला, लवकर कापलेला असतो, त्यामुळे आतल्या तपकिरी गाभ्यापेक्षा बाहेरचा पांढरट भाग त्यात जास्त निघतो. वाळवीला दाद देत नाही तो गाभा. पांढरा भाग कुठल्याही लाकडासारखाच. आपला बल्लारशा-आलापल्लीचा साग अजून निघतो, अयोध्येच्या मंदिरालाही २०२३ साली तोच गेला. पण तो तुझ्या-माझ्या बजेटमध्ये बसत नाही.

आणि तिसरी गोष्ट खोक्याची. फर्निचर आता कारखान्यातून शेकडो किलोमीटर प्रवास करून येतं, म्हणून ते आधी सपाट खोक्यात मावलं पाहिजे. वडील एका लाकडाचं टोक तासून दुसऱ्याच्या खाचेत बसवायचे, वरून पाचर मारायचे. तो सांधा वजन पडलं की आणखी घट्ट व्हायचा. तुझ्या कपाटाचे सांधे मिनीफिक्सचे आहेत, अर्धा फेरा फिरवला की आवळणारी ती छोटी चकती. पटकन जोडायला ती उत्तम आहे. पण चकती शेवटी त्या भुशातच अडकलेली. कपाट एकदा सोडून दुसऱ्या घरात जोडलं की ते पूर्वीसारखं बसत नाही, हे मूव्हर्स-पॅकर्सच्या पोरांनाही माहीत असतं.

शोरूममध्ये त्या विक्रेत्याने तुला दार हलवून बघायला सांगितलं असेल, 'वजन बघा मॅडम, किती सॉलिड आहे'. माझी नणंद याच वाक्याला फसली. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, हा चांगल्या सागापेक्षाही जड असतो. जड आहे म्हणजे टिकाऊ आहे, ही समजूत आपण लाकडाच्या काळातून आणली आणि विक्रेत्यांनी ती बरोबर पकडली. तू पैसे दिलेस ते आरशाला, चकचकीत सनमायक्याला आणि हळूच बंद होणाऱ्या दाराला. सांध्यात, कडेत आणि जाडीत पैसा घालायचा असतो. तिथे तो घातलेला नव्हता.

वाकलेल्या फळीचं गणितही सांगून टाकते, पुढे उपयोगी पडेल. दोन आधारांमधली फळीची लांबी दुप्पट केली आणि वर सगळीकडे सारखंच वजन ठेवलं, तर ती दुप्पट वाकत नाही, सोळापट वाकते. म्हणून अठरा मिलिमीटरचा बोर्ड अडीच फुटांपलीकडे आधाराशिवाय ठेवू नये. तुझ्या बेडखाली मधोमध एक आडवी लोखंडी पट्टी किंवा दोन जाड लाकडी पाय ठोकून घे, फळी आणखी वाकायची थांबेल.

आता काय घ्यायचं ते. सुताराचं कपाट करू नकोस. १,१५,००० हा भाव वेडावाकडा नाही. चांगलं प्लाय, चांगल्या बिजागऱ्या, महिन्याभराची मजुरी, एवढं होतंच. पण तुमची इमारत पाडायच्या गोष्टी चालल्यात. भिंतीत बसवलेलं कपाट उखडून नेता येत नाही. ते ढिगाऱ्यात जातं, नाहीतर भंगारवाला दोन-तीन हजारांत उचलतो. नव्या घराचा ताबा मिळेल तेव्हा सुताराला बोलव. तेव्हा प्लायच्या प्रत्येक तावावर आयएसआयची खूण आणि नंबर कापायच्या आधी बघून घे. आयएस ३०३ मध्ये दोन जाती येतात, साधी एमआर आणि पाण्याला जास्त टिकणारी बीडब्ल्यूआर. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला त्याहून टिकणारी. डोंबिवलीच्या हवेत कपाटाला बीडब्ल्यूआर पुरतं, सिंकखाली मरीन लाव. 'वॉटरप्रूफ आहे' हा दुकानदाराचा शब्द, नंबर हा पुरावा.

सध्यासाठी लोखंडी कपाट घे. नाक मुरडू नकोस! गोदरेजने १९२३ साली लोखंडी कपाटं करायला घेतली आणि आपण कुठल्याही लोखंडी कपाटाला 'गोदरेजचं कपाट' म्हणायला लागलो, ते उगाच नाही. ते फुगत नाही, उचलून दुसऱ्या घरात जातं आणि मोडीतही त्याला भाव येतो. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून घेतलंस तर गेज विचार, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा. इथे एक गंमत आहे. गेजचा आकडा मोठा तेवढा पत्रा पातळ. २४ गेज ऐकायला भारी वाटतं, पण २२ गेजचा पत्रा त्याच्यापेक्षा जाड. पाय लादीवर टेकू देऊ नकोस, खाली प्लास्टिकचे ठोकळे घाल, म्हणजे त्याच ओल्या फडक्याने गंज चढायचा नाही.

शीशमच्या बेडकडे थोडं सबुरीने बघ. आपल्याकडे वाड्यांमध्ये शिसवी लाकडाचं काळसर सामान असायचं, ते झाड वेगळं. ऑनलाइन मिळणारा शीशम म्हणजे उत्तरेकडचा शिसम, जोधपूर-सहारनपूरकडे त्याचं काम होतं. तोही चांगलाच टणक, फक्त शिसवीच्या आठवणीने घेऊ नकोस. आणि नाव नीट वाच. 'शीशम' म्हणजे लाकूड आणि 'शीशम फिनिश' म्हणजे रंग. 'टीक फिनिश' हाही रंगच. खरा शिसम असला तरी त्याचा पांढरा भाग गडद पॉलिशखाली सहज लपतो, आणि किडा आधी त्याच भागात शिरतो. म्हणून दुकानात गेलीस तर बेडच्या खाली आणि खणाच्या मागे, जिथे पॉलिश मारलेलं नाही तिथे बघ. ऑनलाइन ते बघता येत नाही, माझी अडचण एवढीच. आणि कोरड्या प्रदेशात केलेलं लाकूड आपल्या दमट हवेत थोडं फुगणारच. श्रावणात खण अडकला आणि होळीला सुटला, तर तो दोष नाही, तो लाकडाचा स्वभाव. तो खण आषाढात कुणाकडून तासून घेऊ नकोस, उन्हाळ्यात खुळखुळेल.

टेबलाचं सोपं आहे. लोखंडी सांगाडा आणि वर एकोणीस मिलिमीटरचं प्लाय, चार फुटांचं. सांगाडा असला की फळी वाकत नाही. वाचलेले पैसे खुर्चीत घाल. नववी-दहावीची दोन वर्षं मुलीला टेबलापेक्षा खुर्ची जास्त जाणवणार आहे.

तुझ्या नवऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पाच वर्षांचं फर्निचर घ्यायचं ठरवून घेतलं, तर तोही हिशेबच आहे. ७४,००० पाच वर्षांत विभागले तर महिन्याला सव्वाबाराशे रुपये, झोपायचं आणि कपडे ठेवायचं भाडं. भाड्याच्या घरात, बदलीच्या नोकरीत ते शहाणपणाचंही ठरतं. तुम्हाला त्रास झाला तो जन्माचं समजून भाड्याचं घेतलंत म्हणून. पण टेम्पोच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने.

पलंग आणाच, पण आधी तपासून. संगमेश्वरला जाल तेव्हा एक दाभण घेऊन जा. पलंग आडवा करून चारही पायांच्या तळाला टोच, पडवीतल्या जमिनीवर तेच इतकी वर्षं टेकलेत. दाभण टणक लागून अडली तर ठीक, लोण्यात जावी तशी गेली तर तो पाय गेला. नवा पाय करून घेता येतो, त्यासाठी अख्खा पलंग सोडू नका. खाली पिठासारखा ताजा भुगा पडला असेल तर किडा अजून आत आहे. तिथेच औषध मारून, वाळवून मग आणा, नाहीतर मुलीच्या टेबलात शिरेल. मोजमाप घ्या. जुने पलंग कधी पाच फूट रुंद असतात, कधी साडेचार, त्यामुळे तुमची आत्ताची गादी बसेलच असं नाही. गादी कापून घेणारे गादीवाले अजून आहेत. खाली स्टोरेज नसेल, पण उंची भरपूर असेल. सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंका त्याच मापाच्या असायच्या.

आणायचा तो दिवाळीनंतर. पावसाळ्यात लाखेचं पॉलिश मारलं की ते दुधाळ, पांढरं पडतं, आणि मग पॉलिशवाला तुम्हाला दोष देतो, तुम्ही त्याला. सोडण्याआधी खडूने प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंना एकच आकडा घाला. उशाकडचं, पायथ्याकडचं, डावं, उजवं, सगळं लिहा. बोल्ट, चाव्या, पाचरी एका फडक्यात बांधून ती पुरचुंडी उशाच्या फळीलाच बांधा, नवऱ्याच्या खिशात नको. आणि जोडताना सासूबाईंना समोर बसवा. कुठल्या पायाला कागदाची घडी घालायची असते, ते त्यांना पाठ असेल.